वही कोणी पाहावी?

वहीपूजनाच्या दिवशी पेढीवर घरातील सर्वजण जमले असता पुतण्याने एक प्रश्न विचारला, "काका, कूटचलनातील व्यवहार कोणालाच दिसत नाहीत म्हणे. मग ते सरकारला तरी कसे कळणार?" प्रश्न निरागस होता, परंतु त्यात दोन गैरसमज दडलेले होते. एक असा, की हे व्यवहार दिसत नाहीत; आणि दुसरा असा, की जे दिसत नाही त्याचा जाब द्यावा लागत नाही. त्या दिवशीच्या गडबडीत दिलेले माझे उत्तर अपुरे राहिले. या महिन्याचे पान म्हणूनच या विषयासाठी योजले आहे.

प्रथम पहिला गैरसमज. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनची वही मुळीच गुप्त नाही. ती जगात कोणालाही वाचता येते. तिच्यात नावाच्या जागी अक्षरे व अंक यांची एक लांब मालिका असते, तिला पत्ता म्हणतात. कोणता पत्ता कोणाचा, हे एकदा उमगले की त्या पत्त्यावरील आजवरची सारी देवघेव उघडी पडते. समजा, आपण एखाद्या अडत्याची रक्कम बिटकॉइनमध्ये चुकती केली. तर ज्या पत्त्यावरून ती गेली तेथे शिल्लक किती आणि ती कोठून आली, हे त्याला घरबसल्या पाहता येईल. आपला खरेदीचा भाव आणि गल्ल्यातील रोकड समोरच्या दुकानदाराला दाखविणारा व्यापारी कोणी पाहिला आहे काय?

या उघडेपणावर उतारा म्हणून गोपनीयता जपणारी चलने निर्माण झाली. २०१४ मध्ये मोनेरो आले. त्यात पैसे देणाऱ्याची खूण इतर अनेक खुणांत मिसळून टाकली जाते आणि घेणाऱ्यासाठी दरवेळी नवा पत्ता तयार होतो. २०१७ पासून रक्कम झाकण्याचीही सोय झाली. २०१६ मध्ये आलेल्या झीकॅशमध्ये व्यवहार उघडा ठेवावा की झाकावा, याची निवड वापरणाऱ्याकडे असते. झाकलेल्या व्यवहारात हिशेब बरोबर जुळतो एवढे गणिताने सिद्ध होते, आकडा मात्र उघड होत नाही.

झाकणे म्हणजे पाप लपविणेच, असे मानण्याचे कारण नाही. गुप्तदानाची थोरवी आपल्याला सांगावी लागत नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर इथेरियमचे एक संस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी युक्रेनला देणगी दिली आणि त्यासाठी आपण टॉर्नेडो कॅश वापरल्याचे पुढे जाहीरपणे सांगितले. टॉर्नेडो कॅश हे स्वतंत्र चलन नव्हे. अनेकांची रक्कम एकत्र मिसळून देणारा आणि घेणारा यांच्यातील दुवा पुसून टाकणारी ती एक संगणकीय व्यवस्था आहे. युद्धकाळात कोणाला किती मदत पोहोचली हे शत्रूला कळू नये, अशी इच्छा कोणी धरली तर तीत गैर ते काय?

परंतु त्याच पडद्याआड दुसरेही लोक उभे होते. ८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेच्या अर्थ खात्याने टॉर्नेडो कॅशवर निर्बंध लादले. उत्तर कोरियाशी संबंधित लाझारस या टोळीने चोरलेल्या धनापैकी ४५ कोटी ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम या मार्गाने फिरविली, असे खात्याचे म्हणणे होते. दात्याची देणगी आणि चोराची लूट एकाच पडद्याआड जात असतील, तर पडदा फाडावा की ठेवावा? हाच या वादाचा गाभा आहे.

न्यायालयांनाही याचे एकमुखी उत्तर सापडलेले नाही. मे २०२४ मध्ये नेदरलँड्समधील न्यायालयाने या व्यवस्थेच्या एका निर्मात्यास पाच वर्षे चार महिन्यांची कैद सुनावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने मात्र वेगळ्या मुद्द्यावर निर्णय दिला. कोणालाही बदलता न येणारा, आपोआप चालणारा संगणकीय आदेश ही कोणाची मालमत्ता नव्हे, सबब त्यावर निर्बंध घालताना खात्याने आपला अधिकार ओलांडला, असे ते म्हणाले. मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने दुसऱ्या एका निर्मात्यास परवान्याविना पैसे पाठविण्याचा व्यवसाय चालविण्याच्या कटाबद्दल दोषी ठरविले. उरलेल्या दोन आरोपांवर ज्यूरीचे एकमत झाले नाही.

अनेक नियामकांनी दरम्यान सोपा मार्ग निवडला. चलन नष्ट करता येत नाही, तर त्याच्या बाजाराचे दार लावून घ्यावे. दक्षिण कोरियात २०२१ पासून अशी चलने विनिमय केंद्रांवर चालत नाहीत. दुबईने २०२३ मध्ये त्यांना मनाई केली. युरोपीय संघात १० जुलै २०२७ पासून विनिमय केंद्रांना ती हाताळता येणार नाहीत. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून कूटचलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोट्याची वजावट नाही, आणि जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस कापला जातो. मार्च २०२३ पासून विनिमय केंद्रे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आली असून ग्राहकाची ओळख पटविणे आणि संशयास्पद व्यवहार कळविणे त्यांना बंधनकारक आहे. पुतण्याच्या दुसऱ्या गैरसमजाचे उत्तर येथे आहे. कर नफा झाला म्हणून लागतो, तो कोणाला दिसला म्हणून नव्हे.

मग गोपनीयता आणि कायदा यांचा मेळ बसणारच नाही काय? मला तसे वाटत नाही. झीकॅशमध्ये एक पाहण्यापुरती किल्ली असते. ती ज्याच्या हाती द्यावी त्याला व्यवहार वाचता येतात, पैसे मात्र काढता येत नाहीत. हे तंत्र नवे असले तरी त्यामागील रीत आपल्या पेढ्यांवर जुनीच आहे. वही मुनीम पाहतो, भागीदार पाहतो, लेखापरीक्षक पाहतो, कर अधिकारी मागेल तेव्हा तोही पाहतो. रस्त्यावरून जाणारा पाहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला, आणि कायद्याने त्यावर वाजवी मर्यादा घालता येतात हेही सांगितले. म्हणून व्यापाऱ्याने आपली वही कायम कुलपात राहील असा हट्ट धरू नये. आणि सरकारनेही प्रत्येक वही दारावर टांगावी अशी अपेक्षा करू नये. कुलूप हवे, तसा किल्ली कोणाला द्यायची याचा नियमही हवा.

घरातील तरुणांनी कूटचलन घेतले असेल, तर वडीलधाऱ्यांनी रागावण्याआधी जवळ बसवून तीन गोष्टी विचाराव्यात: ते कोणत्या केंद्रातून घेतले, कोणत्या दिवशी कोणत्या भावाने घेतले, आणि त्याची नोंद कोठे आहे? माझ्या पुतण्याला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. यंदाच्या नव्या वहीचे एक पान त्याला त्यासाठी काढून दिले आहे. ते पान शेजाऱ्याला दाखविण्याची गरज नाही. पण ते कोरे राहता कामा नये.