घरात माणसे पाच, काम किती दिवसांचे?



धरमतरच्या खाडीकाठी कुणालाही विचारा, "काय करता?" उत्तर ठरलेले, "शेती." थोरल्या मुलाचे विचारले तर "कंपनीत आहे." सुनेचे विचारले तर "घरीच असते." धाकट्याचे विचारले की आवाज जरा खाली येतो, "बघतोय काहीतरी." एखादा मोजणीदार ही उत्तरे वहीत लिहून गेला तर बेकार एकच निघेल, कदाचित तोही निघणार नाही. आणि तरी भात घरात आले, दिवाळी झाली, की वडखळच्या नाक्यापासून पोयनाडपर्यंत पारावर आणि टपरीवर बसलेली माणसे आपण रोज पाहतो. हे कसे काय, ते आज पाहू. त्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर आणि एक पेन्सिल एवढेच लागेल.

असे एक घर धरा. दोन एकर खारजमीन. आईबाप, थोरला मुलगा, सून, धाकटा मुलगा. आकडे मी हिशेबापुरते धरतो, तुमच्या घरचे तुम्ही घाला. बापाचे चिखलणी, रहू, बेणणी, कापणी, झोडणी आणि थोडे बांधाचे काम मिळून ७० दिवस भरतात. आईचे शेतातले ६०, आणि उन्हाळ्यात पापड-मिरगुंडाचे ५०, म्हणजे ११०. थोरला कंत्राटदाराकडे आहे. काम असते तेव्हा रोज असते, नसते तेव्हा फोन येत नाही. त्याचे वर्षाचे २००. सून हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते, तिचे १००. धाकटा आयटीआय झालेला. गणपतीच्या गाड्या भरायला, कुणाच्या मांडवाला, असे करून त्याचे २०.

बेरीज करा. ५०० दिवस होतात.

सणवार, आजारपण, लग्नकार्य वगळून धडधाकट माणूस वर्षाला ३०० दिवस सहज काम करू शकतो. पाच माणसांचे १५०० दिवस. त्यातल्या ५०० दिवसांना काम आहे, हजार दिवस रिकामे. म्हणजे पाचातली तीन माणसे वर्षभर बसून आहेत असे समजा, फक्त ती तीन कोण हे कुणाला बोट दाखवून सांगता येत नाही. प्रत्येक जण थोडा थोडा बसलेला आहे. (सुनेचे आणि सासूचे घरातले काम, पाणी, चूल, गुरे मी यात धरलेलेच नाही. ते धरले तर त्या दोघींचे ३६५ दिवस कधीच भरले आहेत. पण त्याचा पगार कुणी देत नाही.)

आता सरकारी वहीत हे घर कसे उतरते ते पाहा. जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम केलेला तो "मुख्य कामगार" आणि त्याहून कमी केलेला "सीमांत कामगार". सहा महिने म्हणजे १८३ दिवस. या घरात मुख्य कामगार एकटा थोरला. बाकी चौघे सीमांत, पण कामगारच. केंद्र सरकारची श्रमशक्ती पाहणी २०१७ पासून चालते. तिच्यात आठवड्याचा एक हिशेब असतो. मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी तासभर काम केले असेल तर तो माणूस त्या आठवड्यात कामावर होता असे धरतात. हा नियम जगभर चालतो, आपल्याला फसवायला कुणी मुद्दाम काढलेला नाही. पण त्याचा परिणाम काय होतो? मोजणीदार गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आला, तर गाडी भरणारा धाकटासुद्धा कामाला लागलेला दिसतो. त्याच पाहणीत वर्षाचाही हिशेब असतो. त्यात ३० दिवसांचे जोडकाम असले तरी माणूस कामावर धरला जातो. त्या हिशेबाने आई, बाप, सून कामावर आणि २० दिवसवाला धाकटा तेवढा बेकार. तेव्हा बेकारीचा टक्का कमी झाला असे वाचले की रागावू नका आणि हुरळूनही जाऊ नका. तो टक्का माणसे मोजतो. आपल्याकडे दुष्काळ आहे तो दिवसांचा.

हे दिवस गेले कुठे? थोडे मागे जावे लागेल.

खारेपाटात शेती म्हणजे आधी बांध. भरतीचे पाणी अडवणारा बाहेरकाठा, पावसाचे पाणी सोडायची उघडी, आणि वर्षावर्षाला दोन्हींची डागडुजी. माझ्या लहानपणी हे काम जोळाने चाले. ज्याची जितकी जमीन त्या मानाने घरातून माणसे जात. शिमगा झाला की चिखलाची ढेपळे एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागत आणि मृगाच्या आधी बांध उभा राही. मजुरी कुणाला मिळत नसे, हे खरे. पण उन्हाळ्याचे दोन महिने हातांना काम असे, आणि त्या कामामुळे पावसाळ्याचे चार महिने टिकत. १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा खारभूमी विकास कायदा केला. बांध सरकारी योजनेत गेला, टेंडर निघू लागले, यंत्र आले. हळूहळू जोळ मोडला. आता उधाणात खांड पडली की अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी. मधे एक पावसाळा गेला तर जमीन खारवते, आणि तीनचार गेले तर शेतात कांदळवण उगवते. ते तोडायला कायद्याने बंदी. पनवेलच्या संशोधन केंद्राने खारात तग धरणारी पनवेल-१, २, ३ ही भाताची वाणे काढली, ती चांगली आहेत. पण रोजच्या रोज भरती आत येऊ लागली तर कोणते वाण काय करणार? एक खांड दोनशे एकर बुडवते तेव्हा भात तर जातेच, त्याबरोबर दर एकरामागचे कामाचे दिवसही जातात. ते कोणत्याही पंचनाम्यात लिहिलेले नसतात.

दुसरा आधार होता मुंबई. पूर्वी धरमतरला मुंबईची आगबोट लागत असे, आणि माणूस गिरणीत गेला की घरी मनिऑर्डर सुरू होई. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, कोकणातले हजारो. पुष्कळ जण गावी परतले ते कायमचे. त्यांना विचारले, काय करता, तर तेही म्हणाले, "शेती." दोघा भावांचे काम चौघांत वाटले गेले. भात तेवढेच पिकले. अर्थशास्त्रात याला छुपी बेकारी म्हणतात. आपल्या घरात ती जेवायला बसते तेव्हा तिला भाऊ म्हणतात, म्हणून दिसत नाही.

मग कारखाने आले. रोह्याजवळ धाटावला रसायनांचे, नागोठण्याला १९९० च्या सुमारास पेट्रोकेमिकल्सचा, आणि १९९० च्या दशकात डोलवीला इस्पातचा पोलाद कारखाना. तो २०१० मध्ये जेएसडब्ल्यूकडे गेला आणि २०२१-२२ च्या सुमारास त्याची क्षमता वर्षाला ५० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यात आली. या कारखान्यांनी कित्येकांची घरे उभी केली, हे नाकारणारा मी कोण? पक्क्या पगाराच्या माणसाच्या घरात शिक्षण गेले, दवाखान्याचा खर्च निघाला. पण टन दुप्पट झाले म्हणजे हात दुप्पट लागतात असे नाही. जेट्टीवर बार्ज लागतो, माल यंत्र उतरवते. आणि जे हात लागतात त्यातले बरेच कंत्राटदारामार्फत.

जमिनीबद्दल एक गोष्ट इथे बोललीच पाहिजे. खाडीपलीकडे चरीला १९३३ पासून १९३९ पर्यंत नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी संप केला, सहा वर्षे खोतांची शेते पडीक ठेवली. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कसणारा मालक होण्याचा दिवस ठरला. आजोबांनी उपाशी राहून मिळवलेली ही जमीन. ती नोकरीच्या बोलीवर विकताना हिशेब पूर्ण केला पाहिजे. जमीन चार भावांची असते, नोकरी एकाला मिळते. जमीन नातवाकडे जाते, नोकरी अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी संपते. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझबद्दल जनमत घेतले गेले, तेव्हा शेतकऱ्यांनी याच हिशेबावर नाही म्हटले. त्यांचे म्हणणे होते, ही हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन आहे, आम्हाला पाणी द्या, आम्ही दुसरे पीक घेतो. सेझ गेला. पाणी मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे कालव्याच्या कागदावरच अडकून राहिले.

दुसऱ्या पिकाने काय होते ते पाहायला लांब जायला नको. अलिबागकडे खंडाळे, नेहुली, कार्ले इथे भात काढले की पांढरा कांदा लावतात. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लावणी, बेणणी, पाणी देणे, काढणी, मग बायका बसून माळा विणतात. भाताच्या चार महिन्यांना आणखी तीन-चार महिने जोडले जातात, तेही घराजवळ. खाऱ्या मातीत कांदा येणार नाही, कबूल. पण आपल्याकडे शेततळ्यात जिताडा होतो, गोड्या तुकड्यावर वाल होतो. कारखान्यात भरती निघाली का, हे आपण दहादा विचारतो. उन्हाळी पाणी कधी येणार आणि खांड कधी बुजणार, हे त्याच तळमळीने ग्रामसभेत विचारले पाहिजे, कारण तोही रोजगाराचाच प्रश्न आहे.

गणपतीचा धंदाही आता पूर्वीसारखा निर्धास्त नाही. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण विसर्जनावरची बंधने ठेवली. निकाल येईपर्यंत कारखानदार माल किती काढावा याच घोळात, आणि त्याने हात आखडला की पहिली सुट्टी आपल्या सुनेला. शाडूचे काम शिकून ठेवलेली बाई त्यात जरा सावरते.

आता कंपनीत जाणाऱ्या मुलांसाठी दोन शब्द. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर टाकली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी श्रमसंहिता आल्या, त्यांतही ही जबाबदारी कायम आहे, आणि कामगाराला नेमणुकीचे पत्र देणे बंधनकारक झाले आहे. पत्र मागा. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागा आणि दर महिन्याला पैसे जमा होतात का ते स्वतः मोबाईलवर पाहा. मागायला संकोच वाटतो, मुकादम काय म्हणेल असे वाटते. पण कंत्राटदार बदलला की आधीची वर्षे सिद्ध करायला तेवढाच कागद उरतो. "स्थानिकांना ८० टक्के" याबद्दलही गैरसमज आहे. २००८ च्या शासन निर्णयात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे राहिलेला. पेणचा किंवा गडबचा असे त्यात लिहिलेले नाही. कुणी पुढारी त्या आधारावर धाकट्याला नोकरीचे वचन देत असेल तर हे लक्षात ठेवा.

ज्यांच्या घरात हेही नाही, त्यांनी हमीचे काम लेखी मागावे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी आपल्या राज्यात १९७२ पासून चालली, १९७७ ला तिचा कायदा झाला. केंद्राने २००५ मध्ये घराला वर्षाकाठी १०० दिवसांचा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा केला, त्यात १२५ दिवस लिहिले आहेत, पण पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत काम थांबवायची सोयही ठेवली आहे. तोंडी मागितलेले काम कुठे नोंदले जात नाही. अर्ज द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या वाडीवरच्या कातकरी कुटुंबांना तर हे आधी सांगितले पाहिजे. उचल फिटेपर्यंत अडकून पडण्यापेक्षा गावात महिनाभर काम मिळाले तर त्यांची पोरे शाळेत राहतील. तुमच्या शेतावर कापणीला येणारी तीच माणसे आहेत.

कॅलेंडरचे काम रविवारपासून सुरू करा. घरातल्या प्रत्येकाला एक खूण द्या. बापाला फुली, आईला गोल, थोरल्याला रेघ, असे काहीही. ज्या दिवशी पैसा किंवा धान्य आणणारे काम झाले, त्या चौकोनात ती खूण करायची. अर्धा दिवस झाला तर अर्धी. लिहायचे काम धाकट्याला द्या, आणि सुनेची खूण विसरू देऊ नका. आगोटीची भरणी करताना मागच्या पानांवरच्या खुणा मोजा, आणि येणारा आकडा पोस्टकार्डावर आमच्याकडे पाठवा. नाव घातले नाही तरी चालेल. गाव, जमीन किती, आणि माणशी दिवस किती, एवढे पुरे.