कंत्राटावर चाललेले बालकल्याण

एखाद्या बालगृहातून मूल पळाले, तिथे मारहाण झाली किंवा त्याहून भयंकर काही घडले की बातमी होते. मग मंत्री भेट देतात, चौकशी समिती नेमली जाते. २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतील गतिमंद मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले, २०१८ मध्ये बिहारमधील मुजफ्फरपूरचे. दोन्ही वेळा संताप झाला आणि तो रास्तच होता. गुन्हेगारांना शिक्षा झालीच पाहिजे. पण त्या मुलांजवळ रोज बसून त्यांचे ऐकणे हे ज्याचे काम, तो कर्मचारी कुठे होता? त्याचे पद भरलेले तरी होते काय? हा प्रश्न विचारायला कुणाला सवड नसते.

या संस्थांमधली मुले कुणाची, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ऊसतोडीच्या फडावरून, वीटभट्टीवरून, पारध्यांच्या पालावरून, शहरातल्या झोपडपट्टीतून आलेली ही लेकरे. सवर्ण मध्यमवर्गाची मुले तिथे क्वचितच दिसतील. म्हणूनच या खात्याची दुरवस्था हा सत्ताधाऱ्यांच्या लेखी कधीच तातडीचा विषय होत नाही.

कायदा मात्र चांगला आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे सापडलेल्या मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे आणायचे, पंधरा दिवसांत त्याच्या घरची सामाजिक चौकशी पुरी करायची, चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायचा. ही चौकशी करणार कोण? ‘मिशन वात्सल्य’च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ते दोन आणि आउटरीच वर्कर दोन. संपूर्ण जिल्ह्याला! गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या एका मुलाची गृहभेट करायला कार्यकर्त्याचा एक दिवस जातो, कधी दोन. त्याच सूचनांत सामाजिक कार्यकर्त्याचे मासिक मानधन १८,५३६ रुपये आणि आउटरीच वर्करचे १०,५९२ रुपये ठरवले आहे. नेमणूक कंत्राटी. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हे ठाऊक नसलेल्या माणसाने मुलाच्या पुढच्या दहा वर्षांचा आराखडा लिहायचा आहे.

बालगृहाच्या आतही तीच गत. २०१६ च्या आदर्श नियमांत शंभर मुलांमागे चार गृहमाता-गृहपिता आहेत. चारजणांच्या पाळ्या लावल्या, एखाद्याची रजा आली, की रात्री शंभर मुलांपाशी किती माणसे उरतात याचा हिशेब वाचकांनीच करावा. आणि हे झाले कागदावरचे, सगळी पदे भरलेली आहेत असे धरून.

कर्मचारी टिकला नाही तर मुलाचे काय होते? अमेरिकेतील मिल्वाकी परगण्यात याचा हिशेब मांडला गेला. तिथल्या २००५ च्या अहवालात असे आढळले की, ज्या मुलांचे प्रकरण पहिल्यापासून एकाच कर्मचाऱ्याकडे राहिले त्यांच्यापैकी ७४.५ टक्के मुलांना कायमचे घर मिळाले. कर्मचारी एकदा बदलला की हे प्रमाण थेट १७.५ टक्क्यांवर आले. आकडे तिथले असले तरी कारण इथेही लागू पडते. बापाने मारले, काकाने विकायला काढले, ही गोष्ट मूल एकदा मोठ्या कष्टाने सांगते. तीच गोष्ट वर्षभरात तिसऱ्या नव्या मॅडमना ते कशाला सांगेल? ते गप्प बसते. फायलीत शेरा पडतो, ‘मूल सहकार्य करत नाही’.

कंत्राटीकरणाची दुसरी बाजू चळवळीने नीट ओळखली पाहिजे. कायम पद मंजूर झाले की बिंदुनामावली येते, आपल्या वस्तीत वाढलेली, समाजकार्याची पदवी घेतलेली मुले-मुली त्या खुर्चीवर बसू शकतात. बाह्य एजन्सीमार्फत माणसे घेतली की हा हिशेब विचारण्याची सोयच उरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ कंपन्यांमार्फत भरतीचा शासन निर्णय काढला, तेव्हा रस्त्यावर उतरावे लागले. ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला; कंत्राटी पद्धत मागे गेली नाही. प्रश्न केवळ नोकरीचाही नाही. आई भल्या पहाटे धुणीभांडी करायला जाते आणि थोरली पोर धाकट्याला सांभाळते, हे पाहून एक अधिकारी ‘पालक निष्काळजी’ असे लिहितो. हे जगणे ठाऊक असलेला अधिकारी पाळणाघराची आणि बालसंगोपनाच्या अनुदानाची शिफारस करतो. एका वाक्याच्या फरकाने मूल घरी राहते किंवा संस्थेत जाते.

सावित्रीबाईंच्या नावाने चालणाऱ्या बालसंगोपन योजनेत २०२३ मध्ये अनुदान महिना ११०० वरून २२५० रुपये झाले. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु करोनाने विधवा केलेल्या मातांचे अर्ज येऊन पडले तेव्हा गृहभेटीला जाणारे पाय तेवढेच होते. उलट स्वयंसेवी बालगृहांना अनुदान मुलांच्या डोक्यावर मोजून मिळते. संस्था हा शेवटचा उपाय, असे कायदा म्हणतो. पैशाची व्यवस्था मात्र मूल संस्थेत ठेवण्याला बक्षीस देते. अनुदान थकले की पहिली कुऱ्हाड कोसळते ती काळजीवाहकाच्या पगारावर.

सर्वोच्च न्यायालयाने संपूर्णा बेहुरा प्रकरणात ९ फेब्रुवारी २०१८ रोजी रिक्त पदे भरण्याबाबत राज्यांना बजावले आहे. त्याच्याही नव्वद वर्षे आधी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेच्या विश्रांतीचा खर्च हा देशहिताचा मानला आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलावा अशी भूमिका घेतली होती. मूल सांभाळणाऱ्यांचा पगार त्याच खात्यात मांडला पाहिजे.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी निवेदने देण्याआधी माहिती मागवावी. जिल्ह्यात मंजूर पदे किती, रिक्त किती आणि कधीपासून? तीन वर्षांत कितीजण काम सोडून गेले? मानधन किती महिने थकले? कंत्राटी नेमणुकांत मागासवर्गीय किती? बालसंगोपनाचे किती अर्ज गृहभेटीअभावी पडून आहेत? अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे.