साथीचा खडा

गो हा चीनमध्ये जन्मलेला आणि जपानमध्ये बहरलेला पटावरचा खेळ. उभ्या-आडव्या एकोणीस रेषांचे 361 छेदबिंदू आणि काळे-पांढरे खडे, एवढेच त्याचे साहित्य. बुद्धिबळात राजा, वजीर, प्यादे अशी उतरंड असते. येथे सर्व खडे समान. खड्याचे मोल ठरते ते त्याच्या जागेवरून आणि शेजाऱ्यांच्या साथीवरून.

वेढला गेलेला खडा वाया गेला, असे नवशिका समजतो. जाणता खेळाडू त्यात उरलेली सुप्त शक्यता पाहतो. जपानीत तिला ‘अजी’, म्हणजे चव, म्हणतात. पुढे जवळच आपला दुसरा खडा आला की तोच मृतवत खडा कामी येतो. मात्र उतावीळपणे ती शक्यता आधीच वापरली, तर प्रतिपक्ष ती कायमची बुजवतो.

कोल्हापूरने हा धडा पटाविना गिरवला आहे. राजर्षी शाहूंनी 1902 मध्ये मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या. पण तेवढ्यावर न थांबता वसतिगृहे उभारली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. 1920 मध्ये माणगाव परिषदेत ते तरुण बाबासाहेबांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले. समाजात गुणवत्ता होतीच. उणीव होती ती साथीच्या खड्याची.

म्हणून ‘या मुलाचे काही होणार नाही’ हे वाक्य शिक्षक-पालकांनी उच्चारू नये. आणि कोवळ्या वयातच त्याला स्पर्धेला जुंपण्याची घाईही करू नये. साथ देत राहणे, हेच निवासी शाळेचे कार्य. पटावर ठेवलेला खडा जागचा हलत नाही. आपली मुले मात्र साथ मिळताच स्वतःच्या पायांनी पुढे जातात.