बाई रडली की टाळ्या, हसवलं की समितीची बैठक

७ फेब्रुवारी ते १४ एप्रिल हा आपल्याकडे एकपात्री प्रयोगांचाही हंगाम. कुठं रमाई बोलते, कुठं सावित्रीमाई बोलते. गोवऱ्या, उपास, गेलेली लेकरं, अंगावरचं शेण. समोरच्या बाया पदर डोळ्याला लावतात, पुरुष मंडळी गंभीर होतात, शेवटी जयघोष होतो. या प्रयोगांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. कित्येक मुली यातूनच पहिल्यांदा माईकसमोर उभ्या राहिल्या. पण आपल्या मंचावर बाईला फक्त रडायची परवानगी आहे का, हा प्रश्न यंदा आष्टीत रमाई जयंतीला उभा राहिला. त्यावर उघड बोललं पाहिजे.

त्या रात्री पंचविशीतल्या एका मुलीनं चाळीसेक मिनिटांचा प्रयोग केला. प्लास्टिकची एक खुर्ची आणि कागदांची एक पिशवी, एवढंच नेपथ्य. ठेक्यानं दुसऱ्याचं वावर करणाऱ्या आणि फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या माणसाची ती बायको. आत्महत्या 'पात्र' ठरावी म्हणून ती घरी आरशासमोर साहेबांपुढं कसं रडायचं याची तालीम करते. जास्त रडलं तर नाटक वाटते, कमी रडलं तर संशय येते. बाबू सातबारा मागतो. जमीनच नाही तर सातबारा कुठला? मग ती नवऱ्याच्या फोटोकडे वळून म्हणते, "मराच्या आधी एकदा इचारून तं घ्याचं होतं, कागदं कोनते लागते म्हून!"

मांडव हसला, आणि हसू अर्ध्यात थांबलं. लोक एकमेकांकडे बघू लागले, की आपण नेमके कशावर हसलो?

दुसऱ्या दिवशी आक्षेप आले. एक काकाजी म्हणाले, "रमाईच्या मंचावर मरणाची मस्करी काहून?" दुसऱ्यानं जरा हळू आवाजात सांगितलं, "पोरगी हातवारे करून हासवते, तमाशा वाटला."

पहिल्या आक्षेपाचं उत्तर सोपं आहे. मस्करी मेलेल्याची नव्हती. माणूस मेल्यावर तो 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवणारा शब्द सरकारचा आहे. १ लाखाच्या मदतीतले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, त्यासाठी शेती, कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध करायचा. ज्याच्या नावावर वावर नाही आणि ज्याला बँक दारात उभी करत नाही, त्याचं मरण या चौकटीत बसतच नाही. आपल्या वस्तीत भूमिहीन आणि ठेकेवाले किती, हे मी सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह ज्या प्रश्नावर केला, तोच प्रश्न या मुलीनं एका खुर्चीवर बसून मांडला.

मांडवात मागं अशीच एक बाई बसली होती. ती हसली नाही. कार्यक्रम संपल्यावर ती मुलीजवळ गेली आणि म्हणाली, "वारस दाखला राह्यला तुया, तोबी मांगते ते." आक्षेप घेणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं.

दुसरा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. 'तमाशा' हा शब्द आपल्याला का टोचतो, याला इतिहास आहे. फडावर नाचवली गेलेली बाई बहुतेकदा आपलीच होती. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, कारण तो पैसा महार बायांना नाचवून मिळालेला होता, ही हकिकत आपण सगळे सांगतो. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी कामाठीपुऱ्यातल्या बायांना, मुरळ्या-जोगतिणींना ते जिणं सोडायला सांगितलं. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित बायांवरच्या संशोधनात नेमकं हेच तपासलं आहे: 'अश्लील' हा शिक्का कोणाच्या अंगावर कोण मारतं, आणि तो पुसताना माणुसकीसोबत बाईवर कोणती बंधनं येतात. जलशांनी भट-सावकारांची भरमंचावर फजिती केली, पण भीमराव कर्डकांच्या जलशातही बाईचं सोंग पुरुषच घेत होता. तेव्हाची ती खबरदारी समजण्यासारखी आहे. आज ती तशीच चालवणं म्हणजे विनोदाचा वारसा फक्त मुलांच्या नावावर करणं.

दरम्यान फडातल्या बाईची खवचट, दुखरी गोष्ट सुषमा देशपांडे यांनी 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' या एकपात्रीतून नाट्यगृहात नेली. चांगलं झालं. पण ज्या समाजातून ती बाई आली, त्याच्या स्वतःच्या मंचावर तिला जागा कधी? बीडची अंकुर तांगडे 'ब्लू मटेरियल'च्या मंचावर जातीवर बिनधास्त विनोद करते. इंग्रजी बोलीत 'ब्लू' विनोद म्हणजे चावट, आणि आपला निळा तर जगजाहीर. नावातच केवढी थप्पड आहे! आपली कॉलेजची पोरं तो मोबाईलवर बघतात आणि जयंतीत मात्र मान खाली घालून बसतात.

आणि दांभिकपणा बघा. दुय्यम कव्वालीत बाई आणि पुरुष रात्रभर एकमेकांना टोमणे मारतात, तेव्हा हीच मंडळी पुढं बसून नोटा देतात. तिथं संस्कृती बुडत नाही. बाई तहसीलवर हसली की बुडते.

जयंतीच्या नियोजनाची बैठक रविवारी आहे. मी लेखी प्रस्ताव देणार आहे: हा प्रयोग १४ एप्रिलच्या मुख्य कार्यक्रमात घ्यावा, दुपारच्या महिला मेळाव्यात ढकलू नये, मानधन गायन पार्टीच्या बरोबरीचं द्यावं, आणि तहसील कार्यालयाला निमंत्रण पाठवावं. आजूबाजूच्या गावांतल्या साथींनी हाच प्रस्ताव आपापल्या समितीत ठेवावा. विरोध झाला तर कोणी काय म्हणालं ते नीट लिहून ठेवा. त्या मुलीला पुढच्या प्रयोगासाठी मजकूर लागतोच आहे.

जयभीम!