घेणारे वाढले तरी पुरते कसे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या उमरखेडच्या एका अभ्यासिकेला जुना संगणक मिळाला. त्यात लिनक्स ही मोफत प्रणाली घालायची ठरले. पैसा लागत नव्हता, पण फाईल काही जीबींची. बारावीतली एक मुलगी संध्याकाळपासून डाउनलोड लावून बसली. रात्रीपर्यंत अर्धेही झाले नाही आणि मध्येच तुटले. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाने तीच फाईल टोरंटने लावली. घरी जाऊन जेवून येईपर्यंत काम झाले! संगणक तोच, लाईनही तीच. मुलगी आम्हांस म्हणाली, "काका, यात काही चोरी तर नाही ना?"

ही शंका बऱ्याच घरांत असेल, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

समजा, गुरुजींजवळ नोट्सची एकच वही आहे आणि चाळीस मुलांना ती उतरवायची आहे. सगळे गुरुजींपुढे रांग लावतील तर शेवटच्या मुलाचा नंबर परीक्षेनंतरच लागेल. साध्या वेबसाइटचे असेच आहे. तिथे सर्व्हर नावाचा एक मोठा संगणक देणारा आणि बाकी सारे घेणारे. गर्दी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते.

आता गुरुजींनी वहीची पाने सुटी केली आणि प्रत्येकाला वेगळे पान दिले. ते उतरले की मुले आपसांत पाने बदलतात. आता चाळीस ठिकाणी वाटप सुरू झाले. यालाच पीअर-टू-पीअर म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा. जो घेतो तोच देतोही. ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने २००१ साली बिटटोरंट आणले, ते याच रीतीने चालते. ज्या तुकड्याच्या प्रती सर्वांत कमी, तो आधी घ्यायचा, असा त्यात नेम आहे. म्हणजे कोणतेही पान दुर्मिळ राहत नाही.

थोडा हिशोब करू. फाईल ५०० मेगाबाइटची, म्हणजे ४,००० मेगाबिट. सर्व्हर सेकंदाला १०० मेगाबिट देतो. घेणारे १०० असतील तर प्रत्येकाला १ मेगाबिट मिळेल आणि फाईलला तासाहून थोडा जास्त वेळ लागेल. घेणारे १,००० झाले तर अकरा तास! पण त्या हजार जणांनी प्रत्येकी २ मेगाबिट इतरांना दिले, तर एकूण २,१०० मेगाबिट होतात. मग तेच काम सुमारे ३२ मिनिटांत होते. साध्या पद्धतीत घेणारा वाढला की भार वाढतो. इथे घेणाऱ्याबरोबर देणाराही वाढतो.

मात्र प्रत्येक वेळी टोरंटच वेगवान, असे समजू नये. मोठ्या कंपन्या एकाच फाईलच्या प्रती अनेक शहरांतल्या सर्व्हरवर ठेवतात. तिथे साधे डाउनलोडही झपाट्याने होते. आपली लाईनच मंद असेल तर कोणतीच युक्ती चालत नाही. आणि ज्या फाईलला देणारा कोणी उरला नाही, ती टोरंटवर मिळतच नाही. मोबाइलचा डेटा देण्यातही खर्च होतो, हे रोजच्या पॅकवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. पद्धत चोरीची नाही. चोरी ठरते ती वस्तूवरून. नवा सिनेमा असा घेणे गुन्हाच. पण उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रणाली त्यांचे कर्तेच टोरंटने वाटतात. इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथसंग्रहानेही २०१२ पासून ही सोय ठेवली आहे. फसवणुकीचे म्हणाल, तर प्रत्येक तुकड्याचा ठसा आधीच नोंदलेला असतो. तो जुळला नाही तर तुकडा फेकून दिला जातो. पण मुळातली टोरंट फाईल खात्रीच्या जागेवरूनच घ्यावी, कारण तीच खोटी असेल तर ठसेही खोटेच जुळतील.

मुलीने मग विचारले, "आपलं काम झालं, आता बंद करू?" आम्ही म्हटले, "थोडा वेळ राहू दे, पोरी. काल तू जशी ताटकळलीस, तसं आज कुणी ताटकळत असेल."

त्या रात्री तो जुना संगणक दहा वाजेपर्यंत चालू होता. उमरखेडातून कुणा अनोळखी माणसाला तुकडे जात होते, आणि ती पोर पडद्यावरचे आकडे बघत बसली होती.