आधी पायी फिरा, मग आराखडे आखा

नगरविचारक जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ २००७ मध्ये टोरांटोत नागरिकांच्या सामूहिक पायी फेऱ्या सुरू झाल्या. आता जगभरातील अनेक शहरांत, मुख्यतः मे महिन्याच्या आरंभी, रहिवासीच आपली वस्ती इतरांना फिरून दाखवतात. पदपथ कुठे तुटतो, बस वेळेवर येते का, भाडे न परवडल्याने कोण वस्ती सोडून गेले, हे प्रश्न अशा फेरीत एकत्रच समोर येतात. म्हणून ते सोडवायलाही एकत्रच हवेत. टोरांटोचा इतिहास याला दुजोरा देतो. नागरिकांच्या विरोधामुळे १९७१ मध्ये तिथला स्पडायना द्रुतगती मार्ग थांबला आणि त्याच दशकात शहराच्या मध्याजवळ सेंट लॉरेन्स वस्ती उभी राहू लागली. तिथे सहकारी, अनुदानित आणि बाजारभावाची घरे शेजारी-शेजारी आहेत. बाजारही चालत गाठता येतो.

चालण्याजोग्या वस्तीत घरे महागतात, मग गरिबांच्या पदरात काय पडते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर उपाय पदपथ अडवणे हा नव्हे. पदपथ आणि सार्वजनिक वाहतुकीबरोबरच परवडणारी घरे राखून ठेवणे हा आहे. नुसत्या फेऱ्यांनी धोरण बदलत नाही, हेही खरे. मात्र कागदी आराखड्यात न दिसणारी अडचण रस्त्यावर लपत नाही, आणि ती पाहिलेला नागरिक नेमकी मागणी करू शकतो. आपल्या महापालिकांनीही विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचना केवळ कार्यालयात न ऐकता, नागरिकांसोबत त्या रस्त्यांवरून चालत ऐकाव्यात.