कौल आणि अंतरीची हाक

कोकणात देवाला कौल लावण्याची रीत आजही आहे. मूर्तीला लावलेली उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. लग्न, शेत, प्रवास, कसलाही पेच असो, भाविक माणूस देवापुढे उभा राहतो आणि निर्णयाचे ओझे त्याच्या पायांशी ठेवून मोकळा होतो.

ख्रिस्ती उपासनेत असा कौल नाही. अवघड प्रसंगी ख्रिस्ती भाविक प्रार्थना करतो, शास्त्र वाचतो, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतो आणि मग निर्णयाचे पाऊल स्वतःच उचलतो. गेथशेमाने बागेतील ती रात्र त्याच्यापुढे आदर्श म्हणून असते. येशूने तेथे संकट टळावे अशी विनवणी केली, आणि अखेर पित्याच्या इच्छेला मान तुकविली. संकट टळले नाही, हे नाताळच्या आनंदातही विसरता येत नाही.

आमच्या महाराष्ट्रात याचे जिवंत उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. जन्माने कोकणस्थ ब्राह्मण, वृत्तीने कवी. आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ईश्वराची हाक आली, आपण ओ दिली, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्या श्रद्धेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्या हाकेचे मोल प्रथम कोणी दिले? लक्ष्मीबाईंनी. पतीने त्यांस न विचारता धर्म बदलला. त्या लहान दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरास राहिल्या. अंतरीची हाक ऐकणाऱ्याने आपल्या माणसांच्या आकांताकडे कान बंद करावे काय? टिळकांच्या थोरवीला उणेपणा न आणता आम्ही म्हणतो, येथे ते चुकले.

मात्र त्यांनी पत्नीवर बळजोरी केली नाही, हेही तितकेच खरे. पुढे लक्ष्मीबाई नगरास आल्या त्या सोवळ्यासह. जातिभेद खरोखर ईश्वराने निर्माण केला असेल काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. उत्तर मिळाले तेव्हा प्रथम सोवळे सुटले, आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास कळते की ही वाट त्या नवऱ्याच्या बोटाला धरून चालल्या नाहीत. कुंकवाच्या धन्याचा देव तोच आपला, असे मानणाऱ्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हे.

टिळकांचा दुसरा मोठा निर्णय आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांस आणि न घेतलेल्यांसही तेथे जागा होती. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे मानणाऱ्या भक्ताला हेच शोभणारे होते. पण हाती दोन वर्षेही उरली नव्हती. ९ मे १९१९ रोजी त्यांनी देह ठेवला आणि दरबाराचे स्वप्न अपुरे राहिले.

व्यवहारी माणूस विचारील, देवानेच वाट दाखविली होती तर यश का दिले नाही? हा प्रश्न कौल लावणाऱ्याचा आहे. त्याला देवाकडून फळाची हमी हवी असते. टिळकांनी ती मागितल्याचे दिसत नाही. निष्काम कर्माची शिकवण ज्या घरांत नित्य वाचली जाते, तेथे हे निराळे समजावून सांगावयास नको. मनात येणारी प्रत्येक लहर देवाची आज्ञा, असा समज करून घेणारेही आम्ही पाहिले आहेत. पण त्यांच्या आज्ञा बहुधा त्यांच्याच सोयीच्या असतात. या वयात बांधलेला पगार सोडण्यात टिळकांची सोय ती कोणती?

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ही अपुरेच राहिले होते. १८९५ साली जिला कोणी विचारले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढे लेखणी उचलली आणि उरलेले अध्याय रचून ते तडीस नेले.